अण्णा मिशीपर्यंत आले

आमच्या ईटच्या दूध शीतकरण केंद्रात कॉम्प्युटर आला, त्याच दिवशी तांबोळी चाचांनी घरून स्टीलची एक वाटी आणली आणि माउसवर पालथी घातली. वाटीच्या काठाला चाचींचं नाव कोरलेलं होतं. काम असेल तेव्हाच वाटी उचलायची, काम झालं की पुन्हा झाकायची. कुणाचा चुकून माउसला धक्का लागला, तर पडद्यावरचं चित्र सरकायचं आणि सरकलेलं चित्र परत जागेवर यायला चहा उकळून, गाळून, पिऊन होईल एवढा वेळ जायचा. नवीन माणूस टेबलाजवळ गेला की चाचा वाटीवर हात ठेवून म्हणायचे, "लांबून बघा. जवळून सगळे पडदे खराबच दिसतात."

त्यांचं नाव हबीब तांबोळी. आमच्या दूध संघाचे ते कॉम्प्युटर ऑपरेटर. त्यांना हे पद मिळालं ते पूर्वी सिनेमाचं मशीन चालवल्याच्या जोरावर. तरुणपणी ते जत्रांतून तंबूतला सिनेमा घेऊन फिरायचे. अर्ज मागवले तेव्हा चेअरमन साहेबांनी विचारलं होतं म्हणे, मशिनीचा अनुभव कुणाला आहे? एकाला चारा कापायच्या मशीनचा होता, चाचांना सिनेमाच्या. पडदा असलेल्या मशीनचा अनुभव म्हणून चाचा निवडले गेले. आमच्या संघात याहून कमी विचार करून माणसं घेतलेली मी पाहिली आहेत. मलाच घेताना कुणी काही विचारलं नव्हतं.

मी तेव्हा केंद्रावर दुधातलं फॅट मोजायची. माझं टेबल चाचांच्या टेबलासमोर, मधे काचेच्या नळ्यांचा स्टँड. त्यामुळं पुढचं सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलेलं आहे. काही गोष्टी मात्र उभ्यानं पाहाव्या लागल्या, त्या का ते सांगतेच.

आधी त्या कॉम्प्युटरचं. तो स्वतः काही करत नसे. खरा कॉम्प्युटर मुख्य कार्यालयात, म्हणजे आताच्या धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला. हिशोब, टँकरचे पास, सगळं त्याच्या पोटात. आमच्याकडच्या डब्यानं फोन लावायचा, मोडेम नावाच्या पेटीतून शिट्ट्या आणि खरखर निघायची आणि मग तिकडचा पडदा जसाच्या तसा, रंगांसकट, आमच्या पडद्यावर उमटायचा. ज्या तारेवरून तालुक्याच्या भूमला म्हटलेलं "हॅलो" धड पोचत नव्हतं, त्या तारेवरून अख्खं चित्र आणायचं, असा संघाचा ठराव होता. ठराव एकमतानं झाला होता, कारण मोडेम म्हणजे काय हे संचालक मंडळात कुणालाच ठाऊक नव्हतं.

बरं, नुसतं काम आलं असतं तरी भागलं असतं. पण मुख्य कार्यालयातल्या पडद्यावर चेअरमन साहेबांनी आपल्या वडिलांचा फोटो लावून घेतला होता. वडील म्हणजे संघाचे संस्थापक अण्णा. फेटा, कपाळावर गंध, जाड काड्यांचा चष्मा, भरघोस मिशी, मागं गुलाबी आकाश आणि त्यात चरणाऱ्या जर्सी गाई. रोज फोन लागला की सगळ्यात आधी हे अण्णा यायचे, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी. ते पूर्ण आले की मग पाससाठीची खिडकी उघडायची.

उद्घाटनाला चेअरमन साहेब स्वतः आले. नारळ फुटला, डब्याला हार घातला, उदबत्तीचा धूर मोडेममध्ये गेला. साहेबांनी बटण दाबलं. शिट्ट्या झाल्या. पडद्याच्या वरच्या टोकाला गुलाबी पट्टी आली आणि तिच्याखाली फेट्याचा तुरा दिसला. मागून कुणीतरी म्हणालं, अण्णा आले. झालं, चेअरमन साहेब हात जोडून उभे राहिले. ते उभे म्हणून संचालक उभे, संचालक उभे म्हणून आम्ही. राजा बोले, दळ हाले.

फेटा यायलाच बराच वेळ गेला. मग कपाळ. मग चष्म्याची वरची कड. साहेबांचे जोडलेले हात हळूहळू पोटावर टेकले, पण खाली बसायची सोय नव्हती. वडील येत असताना मुलानं बसायचं कसं? या सगळ्यात एकटे चाचा मजेत होते. आपल्या जुन्या तंबूत शिरल्यासारखे ते पडद्याशेजारी उभे राहून सांगत होते, "आता डोळे यायलेत... अण्णांची नजर बघा, कशी थेट दुधावर हाय... आता नाक... दम धरा, आता मिशी."

मिशी अर्धी आली आणि पडदा काळा झाला. त्याच फोनच्या तारेवर मागच्या गल्लीत आमच्या केंद्राच्या सेक्रेटरींच्या घरी दुसरा फोन होता आणि तिकडं कुणीतरी वऱ्हाडाच्या जीपची चौकशी करायला तो उचलला होता. चाचा एवढंच म्हणाले, "रीळ तुटलं. बसू नका, लावतो." पुन्हा शिट्ट्या, पुन्हा तुरा, पुन्हा सगळे उभे. असं होत होत अखेर पूर्ण अण्णा आले, तेव्हा चेअरमन साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भक्तीचं की गुडघ्यांचं, ते मी सांगू शकत नाही. पुढच्याच आठवड्यात परिपत्रक आलं: पडद्यावर संस्थापकांचं आगमन होत असताना सर्व कर्मचाऱ्यांनी उभं राहावं, आणि प्रतिमा काढणं, झाकोळणं वा लहान करणं हा अवमान समजला जाईल.

तेव्हापासून रोज सकाळी आम्ही उभे. दूध घालायला आलेले लोकही किटल्या खाली ठेवून उभे राहायचे. सेक्रेटरींच्या घरचा फोन चाचांनी लोखंडी डब्यात घालून त्याला कुलूप लावलं, तरी आठवड्यातून चार वेळा अण्णा मिशीपर्यंतच यायचे. मिशीवर काय अडायचं कोण जाणे. कपाळ, आकाश ही कामं सरळ रंगाची, ती त्यातल्या त्यात लवकर उरकायची. मिशीच्या एकेका केसाला मात्र वेळ लागायचा, आणि तेवढ्यात तार दम सोडायची.

चाचांना याचा त्रास होत नव्हता, हे मला कबूल केलंच पाहिजे. ते उलट फुलायचे. लोक ताटकळले की गोष्टी सांगायचे. जत्रेत रीळ तुटून जळालं की पुढचा सिनेमा ते तोंडानं पूर्ण करायचे, आणि दुष्ट माणूस शेवटी मरायच्या ऐवजी सुधारून पाया पडायचा, कारण बायाबापड्यांना मारामारी आवडत नाही असं त्यांचं मत होतं. ईटमधल्या पुष्कळ म्हाताऱ्यांना आजही त्या सिनेमांचे तेच शेवट माहीत आहेत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "पब्लिक बसलंय तवर खेळ चालू हाय." आमचं पब्लिक उभं असे, एवढाच फरक.

पण दूध म्हणजे पब्लिक नव्हे. ते ताटकळत नाही, नासतं.

टँकरचा पास त्या पडद्यावरूनच निघायचा. पास नसेल तर उस्मानाबादला टँकर आत घेत नव्हते, हाताने लिहिलेला चालत नव्हता. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरायचा, शीतकरणाचं यंत्र धापा टाकायचं, दूध गरम व्हायला लागायचं आणि इकडं अण्णांचं नाक चाललेलं असायचं. बळीराम ड्रायव्हर फाटकात टँकर लावून स्टीअरिंगवर डोकं टेकून झोपायचा. बारा वाजता खव्याच्या भट्टीचा नामदेव सायकल घेऊन फाटकाशी यायचा. आमचं दूध नासायच्या बेताला आलं की ते मिळेल त्या भावानं त्याच्या भट्टीत जायचं. तो आत यायचा नाही, फक्त विचारायचा, "आज कुठवर आलेत?" मी म्हणायचे, चष्म्यापर्यंत. मग तो शांतपणे जाऊन भट्टीला लाकडं लावायचा. त्याला अण्णांच्या प्रगतीवरून आपल्या धंद्याचा अंदाज अचूक यायचा.

एकदा पुण्याहून मशीन पुरवणाऱ्यांचा इंजिनिअर आला. त्यानं दहा मिनिटं बघून सांगितलं की चित्र कशाला हवं, नुसती अक्षरं आणा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, चहाचा कप उचलायच्या आत पास निघेल. सेक्रेटरींनी लगेच चेअरमन साहेबांना फोन लावला. तिकडून एकच प्रश्न आला: म्हणजे अण्णांना काढायचं? इंजिनिअरनं दुपारच्या एस.टी.नं पुणं गाठलं आणि पुन्हा कधी तो ईटला आला नाही.

त्या उन्हाळ्यात आमचे टँकर आंबट निघायला लागले. मुख्य कार्यालयाकडून कळलं की आणखी एकदा ईटचं दूध नासलेलं आलं तर केंद्र बंद करू, दूध घालणाऱ्यांनी भूमला नेऊन घालावं. ज्यांच्याकडं दोन म्हशी आणि एक किटली, त्यांनी रोज भूमला जायचं कसं? गाववाल्यांनी संघाला काही म्हटलं नाही. संघ लांब होता, चाचा जवळ होते. एके सकाळी हमीदाबी, चाचांची विधवा बहीण, नासलेल्या दुधाची किटली घेऊन परत निघाली होती. जाताजाता ती सगळ्यांसमोर म्हणाली, "भाईजान, तुमचा सिनेमा होतो, आन माझ्या लेकरांच्या तोंडचं जातंय."

त्या दिवशी चाचांनी अण्णांचं वर्णन केलं नाही. अण्णा मुकाट्यानं आले, मिशीवर तुटले, परत आले. मला चाचांकडं बघवेना. माणसाला ज्या गोष्टीचा अभिमान असतो ना, तिच्यावरूनच घरचं माणूस बोललं की ते फार लागतं.

दुसऱ्या दिवशी चाचा ईदचा कुर्ता घालून उस्मानाबादला निघाले. फॅटचे अहवाल द्यायला मलाही जायचं होतं, म्हणून चेअरमन साहेबांच्या खोलीत मी दाराशी उभी होते. चाचा रडणार, भांडणार की राजीनामा देणार याचा मला काही पत्ता नव्हता.

चाचा बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "साहेब, एक इचारू का? अण्णांचं अनावरण कुणाच्या हस्ते झालं?"

साहेब म्हणाले, अनावरण कसलं, उद्घाटन झालं की तुमच्याकडं.

"ते मशिनीचं झालं, साहेब. अण्णांचं न्हाय. चौकातला पुतळा बी मंत्री आल्याबिगर कुणी उघडत न्हाय, वर्ष वर्ष कापडात ठेवत्यात. आन आपले अण्णा रोज सकाळी किटलीवाल्यांपुढं उघडेच. लोक इचारत्यात, संघाला मंत्री मिळंना का?"

मला साहेबांचा चेहरा दिसत होता. वडिलांचा एवढा मोठा अपमान आपल्या हातून झाला आणि आपल्या लक्षातही आला नाही, हे दुःख त्यावर स्पष्ट होतं. त्यांनी घंटी वाजवून कॉम्प्युटर विभागाच्या कदमांना बोलावलं आणि हुकूम दिला: पडद्यावरच्या अण्णांना तातडीनं कापडानं झाका. मंत्र्यांची तारीख मिळाली की अनावरण करू. परिपत्रकात झाकोळणं हा अवमान होता खरा, पण अनावरणासाठी झाकणं हा सन्मान होता. ज्यानं कुणी पहिल्यांदा पुतळ्यावर कापड टाकलं, तो फार दूरदृष्टीचा माणूस असला पाहिजे.

इथं गोष्ट संपायला हवी होती, पण कदम हौशी निघाले. त्यांनी रात्रीतून एक भगवं रेशमी कापड रंगवलं: सोनेरी काठ, गोंडे, चुण्याच चुण्या आणि प्रत्येक चुणीत सावली. सकाळी आम्ही फोन लावला. अण्णांच्या मिशीला जेवढा वेळ लागायचा तेवढा त्या कापडाच्या नुसत्या काठाला लागला. बळीराम टँकरचं इंजिन चालू करून बसलेला, विजेचा दाब उतरलेला, नामदेव फाटकात. "आज कुठवर?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पहिल्या गोंड्यापर्यंत. त्याला काही कळलं नाही, पण सायकल त्यानं भट्टीकडं वळवली.

चाचांनी मोडेम बंद केला. मागच्या गल्लीत जाऊन लोखंडी डब्याचं कुलूप काढलं, सेक्रेटरींच्या घरचा फोन बाहेर घेतला आणि थेट चेअरमन साहेबांना लावला. मीही मागोमाग गेले होते. त्यांचा आवाज तंबूतला होता.

"साहेब, कापड लई भारी झालंय. पण लोक म्हणतील, अण्णा तर साधे होते."

'अण्णा साधे होते' हे वाक्य साहेबांच्या प्रत्येक भाषणात असायचं. त्यांच्या तोंडून ते ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांना पाठ झालेलं. आता तेच वाक्य त्यांना दुसऱ्याकडून ऐकावं लागलं आणि नाही म्हणता येईना. कापड कसं हवं, असं त्यांनी विचारलं असावं, कारण चाचा म्हणाले, "पांढरं. सुती. काठ नको, चुणी नको. एकसारखं, कोरं."

कदमांनी कोरं पांढरं केलं असेल नसेल तोवर चाचांनी केंद्रावर परतून पुन्हा मोडेम लावला. शिट्ट्या थांबल्या. आम्ही सवयीनं उठायला लागलो. अर्धे उठलो असू नसू, तोच सबंध पडदा पांढरा झाला, वरपासून खालपर्यंत, आणि लगेच मधोमध पासची खिडकी उघडली. कोऱ्या रंगाला तारेतून यायला काही लागतच नव्हतं. चाचांनी वाटी उचलली, पास काढला, वाटी झाकली. बळीराम टँकर घेऊन निघाला तेव्हा दुधाला अजून गारवा होता. संध्याकाळी उस्मानाबादहून निरोप आला, दूध चांगलं आहे. हमीदाबीनं दुसऱ्या दिवशी किटली घातली आणि भावाकडं न बघता, टेबलावर खव्याचा एक पेढा ठेवून गेली. पेढा नामदेवच्याच भट्टीचा होता.

त्यानंतर अण्णा झाकलेलेच राहिले. ते झाकलेले राहावेत याची काळजी चाचांनी घेतली. आमदारांची तारीख मिळतेय असं कळलं की ते साहेबांना भेटून हळहळायचे, अण्णांसारखा माणूस आन नुसते आमदार? मग मंत्री ठरायचे. मंत्री तयार झाले की चाचांना वाटायचं, शेजारच्या संघानं संस्थापकाला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते उघडलं, आपण मागं पडायचं का? साहेबांना अर्थातच मागं पडायचं नसायचं. मुख्यमंत्री बदलले, चेअरमन बदलले, जिल्ह्याचं नाव बदललं, पडद्याची तार जाऊन जलद लाईन आली. आता असे शंभर अण्णा एका दमात आले असते. पण तारीख आली नाही, आणि तारखेशिवाय उघडायची कुणाची छाती नव्हती.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ज्या दिवशी पडदा पांढरा झाला, त्या दिवसापासून चाचांचा खेळ बंद पडला. पास एवढ्या लवकर निघायचा की कुणी थांबायचंच नाही. कुणाला गोष्ट सांगायची? कधी कधी पास निघाल्यावर ते त्या कोऱ्या पडद्यासमोर नुसते बसून राहायचे. केंद्र वाचलं याचा त्यांना आनंद होता आणि करमत नव्हतं, हे दोन्ही खरं होतं. मला तेव्हा त्यांची फार माया यायची. एकदा मी मुद्दाम विचारलं, चाचा, त्या जळालेल्या सिनेमाचा शेवट काय केला होता तुम्ही? ते खुर्ची वळवून बसले आणि सांगत राहिले. त्या दिवशीचे फॅटचे आकडे अंदाजानं लिहिलेले आहेत.

चाचा मागच्या वर्षी गेले. संघानं शोकसभा ठेवली. भिंतीवर त्यांचा मोठा फोटो लावला आणि रिवाजाप्रमाणं त्यावर पांढरं कापड टाकलं, अनावरण नव्या चेअरमन साहेबांच्या हस्ते. आम्ही सगळे उभे राहिलो. साहेब भूममध्ये आहेत, निघालेत, येतातच, असे निरोप येत होते. ऊन चढत होतं. बळीराम आता म्हातारा झालाय, पण टँकर अजून तोच नेतो. त्यानं एकदा हॉर्न वाजवला, थांबला, मग दुसऱ्यांदा वाजवला. हमीदाबी पुढच्या रांगेत उभी होती. तीच आधी वळली आणि म्हणाली, "चला. दूध थांबत न्हाय." आम्ही सगळे फोटो तसाच सोडून बाहेर गेलो आणि टँकर भरला. चाचा असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

चेअरमन साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. दुसरी तारीख कळवतो म्हणाले. फोटो अजून झाकलेला आहे आणि हात लावायचा अधिकार कुणाला नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी केंद्रावर येते. दार लावून घेते आणि कापडाचं वरचं टोक खिळ्यावरून सोडवून सावकाश खाली ओढते. आधी टोपी येते. मग कपाळ. मग चष्मा. मी उभीच असते. मिशीपर्यंत येते न येते, तोच फाटकात बळीरामचा हॉर्न वाजतो.